कापड तुमचं, शिलाई माझी : शहापुरातल्या एका किरकोळ दुरुस्तीवाल्याचं प्रकरण

बेळगावच्या शहापुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं, गेली एकोणीस वर्षं गल्ल्यावर मी बसते. वायसर, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, पंख्याचे कंडेन्सर, टेफ्लॉन टेप असल्या पाच-पन्नास रुपयांच्या मालावर आमची चूल पेटते. हा माल नेणारे प्लंबर, वायरमन, सुतार, गवंडी रोज काउंटरला टेकतात. कुणाचं काम जोरात आहे आणि कुणाची उधारी का थकली आहे, हे मला न विचारता कळतं.

त्यातल्याच एकाचं प्रकरण इथे मांडते आहे. चौदा वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं आणि डिस्पॅच सांभाळणारा माणूस एक्केचाळिसाव्या वर्षी पाना-पक्कड घेऊन घरोघरी दुरुस्तीला जाऊ लागला. ते आमच्या ह्यांचे मित्र, दोन घरं सोडून राहतात, म्हणून मी त्यांना भावजी म्हणते आणि इथेही तसंच लिहिणार. नाव घालू नका एवढीच त्यांची अट होती. हिशेबाच्या तीन वह्या मात्र त्यांनी आपणहून माझ्यापुढे ठेवल्या. खाली त्यांच्या कामाचे आणि पैशाचे जे आकडे येतील ते त्या वह्यांतले.

लिहायला बसले त्याला कारण आहे. भावजींचं बघून गेल्या दोन वर्षांत तिघा-चौघांनी काउंटरवर मला विचारलं, "वहिनी, मीही नोकरी सोडून असं काही करावं म्हणतोय. जमेल काय?" प्रत्येकाची शंका एकच, हात चालेल का. मजुरी कशी मागायची, हे एकानेही विचारलं नाही. भावजींचं गाडं रुतलं होतं ते नेमकं तिथे. हात तर तीन महिन्यांत चालायला लागला होता.

नोकरी आणि तिचा शेवट

भावजी 2008 साली नोकरीला लागले. चलन, बिल, ट्रकवाल्यांचे फोन, पुढे जीएसटी आला तसे ई-वे बिल, अशी कामं. 2021 च्या अखेरीस मालकांनी हिशेबाचं सगळं काम पुण्याच्या ऑफिसात हलवायचं ठरवलं. भावजींना काढलं नाही, पुण्याला या म्हणाले, चार हजार वाढवून देतो म्हणाले. पगार तेव्हा 19,800. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि व्यवसाय कर जाऊन हातात 17,771 यायचे. पुण्यात एका खोलीचं भाडंच वाढीव चार हजारांच्या दुप्पट होत होतं. इथे स्वतःचं घर, आई, शाळेतली दोन मुलं, बायकोचं ब्लाउज शिवण्याचं बसलेलं काम. नवरा-बायकोने दोन रात्री कागदावर आकडे मांडले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये भावजींनी राजीनामा दिला.

दुरुस्तीचंच काम का, तर हात आधीपासून वळलेला होता. ऑफिसात दाराचं लॅच बिघडलं, नळ गळला, तर बाहेरचा माणूस येईपर्यंत भावजीच ते उघडून बसायचे. गल्लीत रविवारी सकाळी हाक यायची. कुणाच्या कपाटाचं कुलूप अडकलेलं, कुणाचा पंखा कुरकुरतोय. काम झालं की चहा, कधी पोहे. पैशाचा विषय निघत नव्हता आणि निघावा असं त्यांनाही वाटत नव्हतं.

आपल्याकडे या कामाला धड नावही नाही. प्लंबर म्हटलं की प्लंबर, सुतार म्हटलं की सुतार. नळ, दार, पंखा, पडद्याचा रॉड हे सगळं करणाऱ्याला लोक "ते किरकोळ कामं करणारे" म्हणतात. किरकोळ या शब्दातच मजुरी निम्मी होते.

सुटताना हातात काय आलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. शेवटचा मूळ पगार 14,000 होता. ग्रॅच्युइटी काढताना त्याला 26 ने भागून 15 ने गुणतात आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणतात. चौदा वर्षांचे 1,13,077 रुपये झाले. निधीतली पेन्शनची बाजू काढता आली नाही, कारण सेवेची दहा वर्षं भरली की ती रक्कम हातात मिळत नाही, 58 व्या वर्षापासून पेन्शन सुरू होते. भावजींना तेव्हा ते लागलं होतं. मला वाटतं, बरंच झालं. ते पैसेही पहिल्या दोन वर्षांत घरखर्चाला गेले असते. पगार 21,000 च्या आत असल्यामुळे ईएसआयचं कार्ड होतं, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यावरच झालं होतं. नोकरीबरोबर ते जाणार हे माहीत होतं. जाणं म्हणजे काय, हे सव्वा वर्षाने कळलं.

अवजारांना 24,600 लागले. हॅमर ड्रिल, दोन पाईप पाने, हॅक्सॉ, रंधा, तीन पटाश्या, स्पिरिट लेव्हल, मल्टिमीटर, कॅनव्हासची पिशवी. मुद्रा योजनेत 50,000 पर्यंत शिशू कर्ज मिळतं, मी सुचवलंही होतं, पण उत्पन्न दिसायच्या आत हप्ता नको म्हणून त्यांनी ग्रॅच्युइटीतूनच घेतली. उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकली आणि खात्याचं पासबुक बायकोकडे दिलं.

तुटलेलं निप्पल

मार्च 2022 मधलं पहिलं मोठं काम गल्लीतच होतं. मातीच्या भिंतींचं कौलारू घर, स्वयंपाकघरातला नळ बदलायचा. लाईन जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपची, तीसेक वर्षांची. भावजींनी नळाला मोठा पाईप पाना लावला आणि झटका दिला. नळ हातात आला, पण त्याच्यामागचं गंजलेलं निप्पल, म्हणजे आट्यांचा छोटा पाईप, भिंतीच्या आत तुटून राहिलं. बोटभर जाड धार थेट समोरच्या फळीवरच्या डब्यांवर. कॉक कुठे आहे हे आधी विचारलेलं नव्हतं. घरातल्या मुलीने लाटण्याच्या टोकाला फडकं गुंडाळून ते भोकात दाबून धरलं, तोवर भावजी न्हाणीघराच्या स्लॅबवर चढून टाकीचा कॉक बंद करून आले. संध्याकाळची साडेसातची वेळ. घरात पाणी नाही, चूल थांबलेली, आणि भावजी घामाने डबडबलेले.

मी वडगावच्या एका जुन्या प्लंबरला फोन केला. साठी ओलांडलेला माणूस, तीस वर्षं आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. ते आले आणि आधी भिंतीत बॅटरी मारून पाहिलं. मग हॅक्सॉचं नुसतं पातं घेतलं, धरायच्या टोकाला चिंधी गुंडाळली, आणि तुटक्या निप्पलच्या आतल्या अंगाने लांबीत एक चीर पाडली. तिच्या शेजारीच, अर्ध्या बोटाच्या अंतरावर दुसरी. बाहेरच्या सॉकेटच्या आट्यांना पातं लागायच्या आत हात थांबला. दोन चिरांच्या मधल्या पट्टीवर बारीक छिन्नी टेकवून दोनदा हलकेच ठोकलं. पट्टी आत वळली, निप्पल सैल पडलं, आणि पक्कडीने फिरवल्यावर सोललेल्या सालीसारखं बाहेर आलं. आटे शाबूत. वीस मिनिटांत नवं निप्पल, नवा नळ, पाणी चालू.

वस्तादांनी 600 रुपये मागितले. जरासाही न घुटमळता, अवजारं पुसता पुसता. भावजींनी ते आपल्या खिशातून दिले आणि घरवाल्यांकडून काहीच घेतलं नाही. जाताना वस्ताद म्हणाले, "जोर काढायचं काम तालमीतलं. आपलं काम आधी कॉक बंद करायचं."

दुसऱ्या दिवशी भावजी वडगावला गेले आणि मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने बिनपगारी त्यांची पिशवी उचलली. कालपर्यंत ऑफिसात साहेब म्हणवून घेतलेला माणूस वस्तादांच्या स्कूटरमागे बसून जाताना गल्लीने पाहिला. आई महिनाभर नीट बोलली नाही. "टेबलावर बसणारं पोर माझं, आता लोकांच्या मोऱ्या काढायलंय," हे त्या माऊलीने माझ्या दुकानात येऊन डोळ्याला पदर लावून सांगितलं. वस्ताद सुरुवातीला भावजींना "तुम्ही" म्हणायचे. मे महिन्यात एका संपात, म्हणजे जमिनीतल्या पाण्याच्या टाकीत, भावजींचा पाय घसरायला लागला तसे वस्ताद ओरडले, "अरे तू आधी बाहेर ये!" त्या दिवसानंतर "तू" कायम राहिलं. भावजींनी ते घरी येऊन बायकोला मुद्दाम सांगितलं.

आयटीआयचा रीतसर रस्ता त्यांनी तपासला होता. प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. घर चालवून ते जमणारं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने विचारलं तर मी आयटीआयच सांगेन.

विजेच्या कामाला त्यांनी पहिल्यापासून हद्द घालून घेतली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घराचं वायरिंग करणं, वाढवणं, फिरवणं हे परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवं. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं जशीच्या तशी बदलणं, ज्याने लाईनची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, एवढ्याला त्यात सूट आहे. भावजी त्या सुटीच्या आत राहतात. अनगोळमधल्या एका गिऱ्हाइकाला न्हाणीघरातल्या लाईटच्या पॉइंटवरून गीझर चालवायचा होता. 2 किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. लाईटची बारीक वायर आणि 6 अँपिअरचं सॉकेट त्यासाठी नसतं, आणि त्या घराला अर्थिंगही धड नव्हतं. भावजींनी नकार दिला, परवानावाल्या वायरमनचा नंबर दिला. ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. वहीत त्या दिवशीची मजुरी शून्य आहे, आणि समोर "बरोबर केलं" असं बायकोच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

पहिला पावसाळा

बेळगावात या कामाला तोटा नाही, त्याची कारणं इथल्या पाण्यात आणि पावसात आहेत. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलचं. काही प्रभागांत 2008 च्या सुमारास चोवीस तास पाणी आलं. बाकीच्या भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. जिथे पाणी दिवसांआड, तिथे घरागणिक जमिनीत संप, वर टाकी, मध्ये मोटर, आणि दोन्हीकडे बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा फुग्याचा नळ. पाणी येण्याआधी लाईनमधून हवा आणि गाळ येतो, तो बॉल कॉकच्या तोंडाशी बसतो. मग टाकी रात्रभर वाहते नाहीतर भरतच नाही. जून लागला की दारं फुगतात, कौलांतून पाणी माळ्यावर येतं, जुन्या स्विचबोर्डांना ओल धरते आणि हात लावायची भीती वाटते.

जून 2022 मध्ये भावजींनी 26 दिवसांत 58 घरांची कामं केली. मजुरी मिळाली 8,150. सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी पाचला परत, म्हणजे साडेआठ तास बाहेर. प्रत्यक्ष हात कामावर किती, तर सरासरी सव्वातीन तास. हे कळलं कारण भावजींनी ऑफिसची सवय सोडली नव्हती. शंभर पानी वहीत रकाने आखलेले: तारीख, गल्ली, काम, घरात शिरल्याची वेळ, निघाल्याची वेळ, दुकानाच्या फेऱ्या, सामान, मजुरी. मी कितीतरी कारागीर पाहिले, दुकानाच्या फेऱ्या लिहून ठेवणारा हा पहिला.

त्या रकान्यात महिन्याच्या 71 फेऱ्या निघाल्या. अठ्ठावन्न कामांना एकाहत्तर! मला ते रोज दिसत होतंच. सकाळी अर्धा इंची अँगल कॉक नेला, अर्ध्या तासाने आटा बसत नाही म्हणून बदलायला आले, मग टेप विसरली म्हणून तिसऱ्यांदा. त्या वेळेचे पैसे कुणीच देत नाही.

मग आम्ही एक डबा ठरवला. मासे धरणारे वापरतात तसा कप्प्यांचा, दोन मजली. त्यात मी बेचाळीस वस्तू भरून दिल्या: वायसर, स्पिंडल, बॉल कॉकचा रॉड आणि फुगा, 18 आणि 24 इंची कनेक्शन पाईप, पंख्याचे 2.5 मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, 6 आणि 16 अँपिअरचे स्विच, तीन-चार इंची बिजागऱ्या, स्क्रू, प्लास्टिकच्या गट्ट्या, आणि शहापूर-वडगावातल्या मातीच्या भिंतींसाठी लाकडी गट्ट्या. प्लास्टिकची गट्टी मातीत धरत नाही. भोक मोठं खणून लाकडी गट्टी सिमेंटात बसवायची, दुसऱ्या दिवशी स्क्रू मारायचा. जे वापरलं त्याचे पैसे शनिवारी, बाकी माल माझाच. सप्टेंबरात कामं झाली 64 आणि फेऱ्या 19.

वेळ वाचला. पैसे मात्र वाढले नाहीत. सप्टेंबरची मजुरी होती 9,400.

रिकामा रकाना

शनिवारी हिशेबाला बसलो तेव्हा मी मजुरीच्या रकान्यावर बोट ठेवलं. चौसष्टपैकी तेवीस कामांसमोर एकतर रेघ होती, नाहीतर "नंतर". विचारलं तर भावजी म्हणाले, "दहा मिनिटांचं काम वहिनी. काय मागायचं?"

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट उघड लिहायला हवी. बरेचसे कारागीर मजुरी कमी सांगतात आणि उरलेली सामानातून काढतात. दुकानदार त्यांना कमिशन देतो, गिऱ्हाइकाच्या बिलात ते मिसळलेलं असतं. आमच्याही दुकानात हे चालत आलेलं आहे आणि मी ते एका दिवसात बंद करू शकले नाही. कारागिराला मी सरसकट दोष देत नाही, कारण गिऱ्हाइकाला 400 चा नळ 480 ला घेताना वाईट वाटत नाही, पण तो बसवायचे 80 वेगळे मागितले की तोंड वाकडं होतं. वस्तूचे पैसे कळतात, हाताचे कळत नाहीत.

भावजींनी कमिशन घ्यायला नकार दिला. बिल गिऱ्हाइकाच्या नावाने आणि छापील भावाने करा म्हणाले. ऑफिसात चौदा वर्षं इतरांची बिलं तपासलेला माणूस, त्यांना ते पटेना. चांगली गोष्ट होती, पण त्यामुळे त्यांच्याजवळ मागायला फक्त मजुरी उरली आणि तीच तोंडातून निघेना. वर्षानुवर्षं चहावर काम करून दिलेल्या लोकांसमोर उभं राहून "दीडशे रुपये" म्हणायचं. जीभ जड व्हायची. समोरचा विचारायचा, "किती देऊ?" आणि हे म्हणायचे, "द्या की काय द्यायचं ते." या वाक्याने त्या वर्षी त्यांचे किती हजार बुडाले याचा हिशेब वहीतही नाही.

वाट काढली ती त्यांच्या बायकोने. माझी मैत्रीण आहे ती, गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे. ऑक्टोबरातल्या एका रात्री ती वही पुढ्यात घेऊन म्हणाली, "मी कधी लाजले काय? बाई कापड घेऊन येते, मी माप घ्यायच्या आत शिलाई सांगते. कापड तुमचं, शिलाई माझी. अस्तर लागलं तर त्याचे वेगळे. कुणी म्हणत नाही की दोन तासांचं काम, एवढे कशाला. तुम्ही काम झाल्यावर मागताय, तिथंच चुकायलंय."

मला हे ऐकून स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं व्यापार करून हे मला सुचलं नव्हतं. शिंपीकाम, पिठाची गिरणी, कांडप, आपल्याकडे जिथे वस्तू गिऱ्हाइकाची आणि मेहनत दुसऱ्याची असते तिथे दर आधी ठरलेला असतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दुरुस्तीत तेवढा तो शेवटावर ढकललेला.

नोव्हेंबर 2022 पासून फोन बायकोच्या नंबरवर आले. ती काय बिघडलंय ते विचारते, नळ असेल तर लाईन जीआयची की प्लास्टिकची हेही विचारते, आणि मग सांगते: "येण्याचे दीडशे, त्यात पहिला अर्धा तास. पुढच्या दर अर्ध्या तासाला शंभर. सामान लागेल ते दुकानाच्या बिलाने, तुमच्या नावावर." तोच मजकूर छोट्या कार्डावर छापला, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. भावजी दारात पोचतात तेव्हा पैशाचं बोलणं संपलेलं असतं.

पहिल्याच महिन्यात कामं 64 वरून 41 वर आली. घरात भीती पसरली. महिनाअखेर मजुरीची बेरीज 13,250 झाली, रेघ एकही नाही. गळाली ती बहुतेक गल्लीतली आणि नात्यातली माणसं. त्यातल्या दोन घरांशी बोलणं अजून पूर्ववत नाही. भावजींना त्याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. एक घर ज्यांचं, त्यांच्या मुंजीला आम्ही सगळे एका पंगतीत वाढलेलो आहोत.

गिऱ्हाइकं गल्लीबाहेरची झाली. टिळकवाडी, अनगोळ, पुढे महांतेशनगर, रामतीर्थनगर. तिकडे बोलणं कन्नडमध्ये. भावजींचं कन्नड ट्रकवाल्यांशी बोलून झालेलं, व्याकरण जेमतेम, पण "एष्ट आगतद री?" (किती होतील हो?) या प्रश्नाला उत्तर कार्डावर छापलेलं असल्यामुळे अडत नाही. त्या भागातल्या एका आजी त्यांना "तम्मा" म्हणतात, धाकटा भाऊ. नळाचं काम झालं की शेंगाची चटणी बांधून देतात आणि दीडशे रुपये वेगळे देतात. दोन्ही.

फुगलेलं दार

एक काम थोडं सविस्तर सांगते, कारण भावजींच्या हाताची आणि वहीची सांगड मला त्यात दिसली. जुलै 2023, टिळकवाडीत निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई एकट्या राहतात. पुढचं सागवानी दार चौकटीत अडकून बसायचं, आतून खांदा लावावा लागायचा. आधीच्या माणसाने दोन पावसाळे रंधा मारला होता. दर मार्चमध्ये दाराला बोटभर फट पडायची.

भावजींनी रंधा काढलाच नाही. आधी वरची बिजागरी हलवून पाहिली. तिचे तीनपैकी दोन स्क्रू नुसते फिरत होते, म्हणून दार खाली झुकलं होतं. भोकांत फेव्हिकॉल लावून लाकडाच्या चिपा ठोकल्या, लांब स्क्रू मारले. मग चौकटीच्या कडेला पांढरा खडू घासला, दार एकदा लावून उघडलं. जिथे दार घासतं तिथेच खडू उमटला. वरच्या कोपऱ्यात वीतभर. तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासला. शेवटी खाली वाकून दाराच्या तळकडेखाली छोटा आरसा सरकवला आणि बाईंना दाखवला. दाराच्या दोन्ही अंगांना चकचकीत पॉलिश, आणि तळकडेला थेंबभर रंग नाही, कोरं लाकूड. वरच्या कडेलाही नाही. पाणी तिथून शिरत होतं.

ओल्या लाकडावर आता रंग लावून उपयोग नाही, मार्चमध्ये दार सुकलं की येतो, असं सांगून भावजी निघाले. 250 रुपये झाले. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं, "मार्च, टिळकवाडी, दाराच्या कडा." मार्च 2024 मध्ये ते खरंच गेले. दार उतरवलं, दोन्ही कडांना प्राइमर आणि दोन हात ऑइल पेंट. बाई म्हणाल्या, "मी तर विसरून गेले होते." त्यांच्या ओळखीने पुढच्या वर्षभरात अकरा घरं आली. वहीचं ते शेवटचं पान आता तीन पानांचं झालं आहे.

मनगट

दार व्हायच्या आधीचा मे महिना. एका घरात पंखा उतरवायला भावजी घरच्यांनी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. पाय तडकला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे काम बंद, आणि दवाखान्याचे 38,400 रुपये. ईएसआय असतं तर यातलं बहुतेक सगळं वाचलं असतं. वर्षाला 20 रुपयांचा सुरक्षा बिमा बँकेतून कापला जात होता, त्यावर घरच्यांची भिस्त होती. पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला आहे, मोडलेलं हाड त्यात बसत नाही. पैसे ग्रॅच्युइटीच्या खात्यातून गेले. त्या दीड महिन्यात बायकोने येणारं प्रत्येक काम वस्तादांकडे वळवलं आणि वस्तादांनी त्यातला एक रुपयाही हिस्सा म्हणून देऊ केला नाही. त्यांचंही पोट आहे, मी त्यांना बोल लावणार नाही, पण मैत्रिणीला ते लागलं.

आता स्कूटरला अॅल्युमिनियमची घडीची शिडी बांधलेली असते. कुणाच्या खुर्चीवर, स्टुलावर चढायचं नाही. कुटुंबाचा आरोग्य विमा घेतला, त्याचा हप्ता महिन्याच्या हिशेबात धरतात. 2024 मध्ये बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी केली. त्याला वय 18 ते 60 आणि गेल्या बारा महिन्यांत 90 दिवसांचं काम लागतं, आणि दुरुस्तीची कामं त्यात धरतात. पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये आली तेव्हा मीच धावत सांगायला गेले होते. अठरा धंद्यांच्या यादीत सुतार आहे, कुलूपवाला आहे, गवंडी आहे, प्लंबर नाही. सुतार म्हणून अर्ज करा म्हटलं तर भावजी म्हणाले, "मला दार घासता येतं वहिनी, मी सुतार नाही."

हिशेब

लोक विचारतात, नोकरीपेक्षा जास्त मिळतं का. ते 17,771 शी तुलना करतात, ती चूक आहे. निधीचे दोन्ही बाजूंचे 3,360, ईएसआयचे दोन्ही बाजूंचे सुमारे 790, ग्रॅच्युइटीचे महिन्याला पडणारे 673 हे सगळं धरलं तर नोकरी महिन्याला साडेबावीस हजारांची होती. शिवाय दिवाळीचा बोनस आणि भरपगारी रजा.

जून 2024 ते मे 2025 या वर्षात मजुरीची सरासरी महिन्याला 26,300 आली. पेट्रोल, अवजारांची झीज, फोन, विमा मिळून 3,900 जातात. उरले 22,400. म्हणजे तीन वर्षांच्या शेवटी भावजी जिथे 2022 मध्ये होते तिथे परत आले, आणि नोकरी असती तर मधल्या काळात पगार काहीतरी वाढलाच असता. जीएसटीच्या वीस लाखांच्या मर्यादेचा तर प्रश्नच नाही. सरासरीच्या आत चढउतारही मोठे: जुलैत 35,800, एप्रिलमध्ये 17,200. एप्रिल-मे कोरडा जातो हे ओळखून त्यांनी दारांच्या कडा, कौलं चाळणं, टाक्या धुणं ही कामं तिकडे सरकवली आहेत. मोठी कामं मात्र घेत नाहीत. अनगोळमध्ये एका गच्चीचं वॉटरप्रूफिंग अंगावर घेतलं होतं, पहिल्याच पावसात गळलं, मजुरीचे 5,000 परत दिले, तो विषय तिथेच संपवला.

गुडघे दुखतात. सिमेंटने बोटांच्या पेरांना भेगा पडतात, रात्री खोबरेल लावून झोपतात. आई आता बोलते; आल्यागेल्याला "माझा मुलगा स्वतःचं काम करतो" असं सांगते, काय काम ते सांगत नाही.

ग्रॅच्युइटीच्या खात्यात आज 1,13,077 च्या जागी 72,000 आहेत. उरलेले 41,000 या पावसाळ्यात परत भरायचे असं दोघांनी ठरवलं आहे. जून 2025 च्या पहिल्या आठवड्याची अठरा कामं चौथ्या वहीत लागली आहेत. काल संध्याकाळी डबा भरायला भावजी आले, बॉल कॉकचे फुगे सहाऐवजी दहा द्या म्हणाले.